गॅलरीतलं लाजाळू

मुलीला पाहायला पाहुणे आले की आधी गॅलरीतल्या लाजाळूला बोट लावून बघत. मीच आग्रह करी. तेवढंच वातावरण मोकळं होई. मिटलेलं पान उघडायला बारा मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून पाहिलं आहे. तोवर मीनल मान खाली घालून पोहे आणी.

काल नववं स्थळ. मुलाच्या आईने दीड तासात एकच पान, उघडेल तसं, सात वेळा टोचलं. शेवटी ते मिटेना.

“बिघडलं का हो?”

“सवय झाली त्याला, काकू,” मीनल थेट त्यांच्याकडे बघत म्हणाली. “आता मी चालून दाखवू?”

इजा होत नाही हे कळलं, की लाजाळू मिटायचं सोडतं म्हणे. इजा होत असूनही मिटायचं सोडणाऱ्याचं काय, कोण जाणे.

संध्याकाळी मी नवं रोप आणलं. रविवारी दहावं स्थळ यायचं आहे.