अंजिरी की वांगी

कुतुबुद्दीन मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. शंकू, फुलदाणी, सरळ रेघा यांतच वर्ष सरायचं. रंगांची पाळी शेवटी यायची आणि त्यांचे अर्थ ठरलेले असायचे: पिवळा आनंदाचा, तांबडा रागाचा, काळा भीतीचा. त्यांच्या उस्तादांनी त्यांना तसंच शिकवलं होतं.

महाराजांना गादीवर बसून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा कोल्हापुरात प्लेग शिरला. शहर रिकामं झालं. कसबा बावड्याच्या बाजूला, उसाच्या फडांपलीकडं माणसं झोपड्या घालून राहिली. सकाळी धुक्यातून पाहिलं की शहर पाण्यावर तरंगल्यासारखं दिसे. एकाही चुलीचा धूर नाही. शाळेची घंटा नव्हती, बाजार नव्हता, आज वार कुठला हेही कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. दिवस उसाच्या तुऱ्यांसारखे नुसते हलत राहायचे.

मास्तरांची बायको मेहरुन्निसा झोपडीपुढं बसून दगडावर गेरू आणि नीळ घोटायची. मास्तर ते रंग शिंपल्यांत भरून ठेवायचे. ते बघायला आजूबाजूची मुलं जमू लागली. एक दिवस मास्तरांनी त्यांना कागद दिले आणि सांगितलं, आपलं गावातलं घर काढा, मनाला जसं वाटतं तशा रंगात.

शेजारच्या झोपडीतली राजमती कधी शाळेत गेली नव्हती. तिची आई महिन्यापूर्वी प्लेगनं गेली होती आणि तेव्हापासून पोर फारशी बोलत नव्हती. तिनं चूल काढली, मांडणी काढली आणि सगळ्यावर पिवळा रंग ओतला.

मास्तरांना बरं वाटलं. घर आनंदात दिसतंय, असं ते तिला म्हणाले.

राजमतीनं नाही अशी मान हलवली. "हे ऊन चुलीजवळ कधी येत न्हवतं, मास्तर. उन्हानं रोग मरावा म्हून सरकारी माणसांनी कौलं काढली तवा आलं. आई तिथंच निजली हुती. तिच्या तोंडावर पडलं."

त्या संध्याकाळी मास्तर बराच वेळ पिवळ्या रंगाची शिंपली हातात धरून बसले होते. मेहरुन्निसानं जेवायला दोनदा हाक मारली.

दुसऱ्या दिवशी राजमतीचा बाप नेमगोंडा आला. गुळाचा व्यापारी, धिप्पाड माणूस. पोरीला नको ते आठवायला लावता, म्हणून तो भांडायलाच आला होता. मास्तरांनी चित्र त्याच्यापुढं ठेवलं. तो उभ्या उभ्या बघत राहिला, मग खाली बसला.

"तिचं लुगडं कुठाय यात?" त्यानं पोरीला विचारलं.

रंग जमला नाही, असं राजमती म्हणाली. कुठला रंग, असं मास्तरांनी विचारलं.

"अंजिरी," नेमगोंडा म्हणाला.

"न्हाय. वांगी रंगाचं हुतं की."

"मी घेतलतं निपाणीला. मला ठावं न्हाय व्हय?"

मास्तर नीळ आणि तांबडा कालवत गेले. बाप म्हणे अजून तांबूस, पोर म्हणे अजून गडद. कालवता कालवता ते लुगडं नेसून राजमतीची आई कुठं कुठं गेली होती ते निघालं. जैन बस्तीतली पूजा निघाली, माहेरची जत्रा निघाली, पदराला लागलेला हळदीचा डाग निघाला. महिनाभर त्या झोपडीत तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. ऊन कलेपर्यंत बापलेक बोलत होते. रंग काही दोघांच्या मनासारखा एक झाला नाही. मास्तरांनी एक बापाचा, एक पोरीचा असे दोन ठिपके कागदावर शेजारी शेजारी वाळू दिले.

प्लेग ओसरला, कौलं परत चढली, शाळा भरली. मास्तरांनी रंगांचे अर्थ सांगणं सोडून दिलं. मुलानं तांबडा लावला की ते विचारायचे, हा तुझा कसा आहे? काहींना सांगता यायचं, काही नुसतेच रंगवत राहायचे. तपासणीला साहेब आले की मास्तर शंकू आणि फुलदाण्या पुढं करत. साहेब खूश होऊन जात.

राजमतीचं लग्न गारगोटीकडं झालं. बऱ्याच वर्षांनी मास्तर त्या बाजूला गेले तेव्हा तिनं त्यांना घरी बोलावलं. आतल्या खोलीच्या भिंती तिनं निळीनं रंगवल्या होत्या, खाली गर्द आणि वर जाता जाता फिकट. सासरच्यांनी आधी नावं ठेवली, मग सवय झाली, असं ती सांगत होती. दार लोटल्यावर खोलीत पाण्याच्या तळाशी असावा तसा उजेड उरला. मास्तर भिंतीला टेकून बसले. हा निळा कशाचा, हे त्यांनी विचारलं नाही. तिनं ताक आणून ठेवलं, ते मास्तर सावकाश प्याले आणि बैलगाडी जोडेपर्यंत तिथंच बसून राहिले.