घड्याळवाल्या काकांचं गळकं नाक

घड्याळवाले काका दुकानातल्या स्टुलावरून डोक्यावर आपटले आणि काही दिवसांतच त्यांचं नाक गळायला लागलं. तेही फक्त डावी नाकपुडी, आणि मान खाली घातली की लगेच. आता घड्याळं दुरुस्त करणारा माणूस मान खाली घालणार नाही, तर काय छताकडे बघत बसणार? एकदा एक थेंब टपकन पडला तो थेट एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या उघड्या घड्याळात.

"जरा सर्दी झालीये," काका ओशाळून म्हणाले.

"सर्दी घरी ठेवून येत जा," बाईंनी सुनावलं आणि घड्याळ उचलून चालू लागल्या.

गोळ्या झाल्या, वाफ घेऊन झाली. गळती थांबेना. शेवटी काकूंनी त्यांना धरून मोठ्या इस्पितळात नेलं.

"वापरलेले रुमाल वाळले की कडक होतात का हो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मऊच राहतात," काकू म्हणाल्या.

"मग ही सर्दी नसावी. मेंदूभोवती पाणी असतं, ते कुठूनतरी नाकात झिरपत असेल. कुठून, ते शोधायला हवं."

काकांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मेंदू गळतोय माझा?"

"तरीच!" काकूंच्या तोंडून निघून गेलं, आणि मग त्यांनाच रडू फुटलं.

तपासणीच्या दिवशी काकांच्या दोन्ही नाकपुड्यांत कापूस कोंबला, आणि सुई टोचली कंबरेत!

"अहो, तक्रार नाकाची आहे!"

"पाणी मणक्यातून मेंदूपर्यंत एकच असतं, काका," तपासणी करणारा म्हणाला. "त्यात थोडं किरणोत्सर्गी औषध सोडलंय. ते कुठून बाहेर पडतं, ते आमचा कॅमेरा दाखवेल."

"बग बी अंधारात चबकणार? रेडियबच्या काट्यांसारखा?" कापसामुळे काकांचा प्रत्येक 'म' 'ब' होऊन बाहेर पडत होता.

"छे हो!"

काका जरा हिरमुसलेच.

काही तासांनी कापूस काढून किरणं मोजणाऱ्या यंत्राखाली धरला. उजवा गप्प, डाव्याचे आकडे मात्र भराभर चढले. कॅमेऱ्याच्या चित्रातही नाकाच्या मुळाशी ठिपका उजळला होता. भोक नेमकं तिथेच होतं. डॉक्टरांनी नाकातूनच दुर्बीण घालून ते बुजवलं आणि बजावलं, "शिंक दाबायची नाही. तोंड उघडं ठेवून शिंका."

काका दुकानात परतले आणि आ वासून असे शिंकले, की शेजारचा न्हावी हातातल्या वस्तऱ्यासकट बाहेर धावला. काकूंनी आधी नवऱ्याच्या नाकाखाली बोट फिरवून बघितलं. कोरडं ठणठणीत.

"शिंका आता हवं तेवढं," त्या म्हणाल्या आणि न्हाव्याची समजूत काढायला गेल्या.