पाच अक्षरांची यादी

नात मोबाइलवर इंग्रजी शब्दांचा खेळ खेळत होती. शब्द पाच अक्षरांचा, त्यात आर आणि एन हवेतच. अडली तशी तिने नेटवरची यादी उघडली आणि हसत म्हणाली, "आजोबा, मी कॉपी केली हं!"

किती सहज म्हणाली. मला ते साठ वर्षं जमलं नव्हतं. शनिवारी आमचे सर फळ्यावर अशीच अक्षरं लिहून शब्द मागायचे. एकदा मी शेजारच्या मधूच्या वहीतले शब्द उतरवले आणि माझी वही त्याच्याआधी नेऊन दिली. सरांना वाटलं, त्यानेच माझे चोरले. तो तासभर बाकावर उभा राहिला. मी माझ्या वहीतल्या लाल खुणांकडे बघत बसलो.

नातीचं खेळून होईपर्यंत मी मधूला फोन लावला होता. सगळं सांगितलं. 

"गाढवा," तो म्हणाला, "आता हेच हिला सांग. मी चोरले नव्हते म्हटलं की चाळीस वर्षं म्हणतेय, मी थापा मारतो."

त्याने फोन बायकोकडे दिला. "वहिनी," मी म्हणालो, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज कापला नाही.