डॅशबोर्डवरचा गणपती

होटगी रस्त्यावरचा तो अपघात आठवला की आजही जेवण गोड लागत नाही. मी तेव्हा सोलापुरात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. चिंचोळीच्या एका कारखान्यात काम करणारा तरुण बायकोला कारने माहेरी सोडायला निघाला होता. पावसाची भुरभुर होती. पुढे उसाची ट्रॉली अचानक थांबली आणि गाडीची डावी बाजू तिच्याखाली घुसली. बायको जागीच गेली, नवऱ्याला फक्त खरचटलं.

पंचनामा उरकेपर्यंत ठाण्यात निनावी फोन आला की, दोघांचं सकाळी कडाक्याचं भांडण झालं होतं. मागोमाग त्याचे सासरे, म्हणजे गेलेल्या मुलीचे वडील, आले. "साहेब, ह्यानं मुद्दाम तिची बाजू ट्रॉलीखाली घातली," एवढंच म्हणून ते बाकावर बसले. पोलिसाला भांडण सापडलं की अर्धा तपास संपल्यासारखा वाटतो. आमच्या हवालदाराने तर खुनाचं कलम लावायची तयारीच केली होती.

पोराची मी कसून चौकशी केली. भांडण झाल्याचं त्याने लगेच कबूल केलं. बाकी तो एकच सांगत राहिला, "मी स्टेरिंग पार फिरवलं साहेब, गाडी वळलीच न्हाय." मोटार वाहन निरीक्षकांनी तपासलं तर ब्रेक शाबूत, ब्रेकचं तेलही पुरेसं. पोरगं खोटं बोलतंय, असं मलाही वाटू लागलं.

पण घटनास्थळाच्या फोटोत चाकं घासल्याचे सरळ, काळे पट्टे होते. निरीक्षक ते पाहून थबकले. गाडी जुनी असली तरी तिला एबीएस होतं. ते चालू असतं तर ब्रेक दाबल्यावर चाकं अशी जाम झाली नसती आणि गाडी वळली असती. आम्ही पुन्हा गाडीपाशी गेलो. किल्ली फिरवली की एबीएसचा पिवळा दिवा क्षणभर लागून विझायला हवा. तो दिसलाच नाही. त्या जागी मीटरच्या काचेवर गणपतीचं सोनेरी स्टिकर होतं, त्यावर कुंकवाचा जाड थर. हवालदार त्याला हात लावेना. शेवटी मीच नमस्कार करून ते सोलून काढलं. खाली दिवा जळत होता.

मागच्या चाकाच्या सेन्सरची वायर तुटलेली होती. तुटल्या टोकावर गंज चढला होता, म्हणजे बिघाड अपघाताच्या आधीचा. ही जुनी गाडी त्यांना विकणाऱ्या एजंटला उचलला. तासभर त्याने उडवाउडवी केली, मग दिवा झाकायला स्टिकर आपणच लावल्याचं कबूल करत शांतपणे म्हणाला, "देवाचा फोटो कुनी काढत न्हाय की साहेब." एवढा राग मला नोकरीत क्वचितच आला असेल.

मी सासऱ्यांना आणि जावयाला समोर बसवून सगळं सांगितलं. ती पोरगी गाडीत बसली की आधी त्या गणपतीला कुंकू लावायची, हे जावयाकडून तेव्हा कळलं. सासऱ्यांनी टेबलावरचं स्टिकर उचलून हातात घेतलं.

"गाडी बघायला मीबी गेल्तो," ते म्हणाले. "गनपती बघूनच म्हनलो, हीच घ्या."

ज्याला ते खुनी म्हणत होते, त्या जावयाने उठून त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. 

एजंटवर दोषारोपपत्र दाखल झालं. एका भांडणावरून माणसाला खुनी ठरवणं किती सोपं असतं, हे मला या तपासाने शिकवलं. गुन्हा उलगडला की आमचं काम संपतं. त्या म्हाताऱ्याचं स्वतःला दोष देणं मात्र त्या दिवशी सुरू झालं, आणि त्यातून त्यांना सोडवणारं कलम माझ्याकडे नव्हतं.