गार पडली तर

आमच्या कलाबाईला गोड बोलणं कधी जमलंच नाही. दोंडाईच्याजवळच्या एका सरकारी दवाखान्यात ती आणि मी नर्स होतो. दर महिन्याला खेड्यापाड्यांतल्या सुईणी बैठकीला यायच्या, कला त्यांना शिकवायची. ब्लेड न उकळता नाळ कापली असं कुणी कबूल केलं, की अशी झापायची की बाई पदर तोंडाला लावून रडायची. "बाळंतिणीला ताप चढला की गाडी करा आणि धुळ्याला पळा. ताप उतरेपर्यंत दम खायचा नाही!" हे तिचं पालुपद.

त्या सुईणींतच तिची विहीण होती, भागाबाई. सत्त्याऐंशी साली कलाच्या एकुलत्या एका मुलीचं, विमलचं, दुसरं बाळंतपण सासरी तिनेच केलं. दोन दिवसांनी विमल तापाने फणफणली. भागाबाईने शिकवल्याप्रमाणे लगेच जीप केली. चिमठाण्यापर्यंत गेले आणि पोरीचं अंग गार पडलं. ताप उतरला! काय आनंद झाला त्या येड्या माणसांना! तिथूनच जीप माघारी फिरवली आणि बातमी सांगायला आमच्या दारात थांबले.

"कलाबाई, ताप उतरी गया! हात लाई दखा, आंग कसं गार शे!" भागाबाई जीपमधूनच ओरडली.

कलाने हात लावला. मनगटाला नाडी लागेना. धाप लागलेली, आणि विमल आईलाच विचारत होती, "तू कोन शे?" बाळंतपणातलं विष रक्तात भिनलं की शेवटी अंग असंच गार पडतं. आम्हा नर्सांना ते ठाऊक होतं. सुईणींना कुणी सांगितलंच नव्हतं.

सलाईन लावून जीप पुन्हा धुळ्याकडे पिटाळली. सोनगीरच्या अलीकडेच विमल गेली.

"मारलीस माझी पोर!" कला विहिणीच्या अंगावर धावली.

भागाबाईने हात जोडले. "तुमीनच सांगेल व्हतं, ताप उतरेपावत."

पुढच्या बैठकीला ती कशाला येते! कलाने माणूस पाठवून आणवली. सगळ्यांसमोर उभी केली.

"बाळंतीण गार पडली तर?"

"आखो जोरमा पयानं."

"नाही पळालं तर?"

"मरस."

"कोण मेलं?"

"मन्ही सून."

"नाव?"

"विमल."

दर महिन्याला हेच. सुईणींच्या डोक्यात ते असं बसलं, की त्यानंतर गार पडलेल्या बाळंतिणी धुळ्याला पोचायला लागल्या, जगल्यासुद्धा. मोठे डॉक्टर बघायला आले. पद्धत फार परिणामकारक म्हणाले, बाकीच्या दवाखान्यांतही दाखवा म्हणाले. मग काय, भागाबाईला सरकारी जीपमध्ये घालून गावोगाव न्यायला लागले. जाईल तिथे उभी राहायची आणि सुनेचं नाव सांगायची. डॉक्टर टाळ्या वाजवायचे. मेल्यांना लाज नाही!

एकदा मी भडकलेच. "बास कर गं कला. म्हातारी झुरून मरेल."

"मरू दे," ती म्हणाली. "शब्द माझे होते, मला माहीत आहे. पण मी उभी राहिले तर माझ्या तोंडून ते नाव निघत नाही."