पाटावरचं पागोटं

आमच्या घरात एक काळ असा होता, की नवरा घरी नसला की त्याला पाटावर वाढलं जाई आणि घरी आला की त्याला ओसरीवर बसवलं जाई. हे सांगितलं की आताच्या पोरी तोंडाला पदर लावून हसतात. हसू द्या. मीही हसतच सुरुवात केली होती.

निजामाच्या राज्यातले दिवस ते. आष्टीच्या बाजूला आमचं गाव, आणि तिथून पुढं एका ओढ्यापलीकडं इंग्रजांची हद्द. त्या ओढ्यावर करोडगिरीचा नाका होता. नगरकडून येणारं मीठ, कापड, घासलेट आणि इकडून जाणारा कापूस, सगळ्या गाड्या तिथं अडवायच्या, जकात घ्यायची, मग पुढं सोडायच्या. आमचे हे त्या नाक्यावर नाकेदार होते. दुपार टळल्यावर नाक्यावरून निघालेला माणूस चांगला झपझप चालला तर दिवेलागणीला गावात पोचे. घरी आम्ही तिघी. मी, डोळ्यांनी अधू झालेल्या माझ्या सासूबाई, आणि नुकती कुठं नीट बोलायला लागलेली माझी मुलगी.

ह्यांना मोठमोठे संकल्प सोडायची भारी हौस. नोकरी लागली तेव्हा अंबाजोगाईच्या देवीपुढं हात जोडून एका दमात किती कबूल करावं माणसानं? वर्षात उर्दू शिकणार, परीक्षा देऊन दारोगा होणार, घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या काढणार, आणि नोकरी कितीही लांब असली तरी संध्याकाळचं जेवण रोज घरीच जेवणार. मी शेजारीच उभी होते. देवीला हसू आलं असेल, मला तर रागच आला.

मी हळूच म्हटलं, "रोज कावून म्हणता? जमंल तवा म्हणा की."

"असं म्हणणाऱ्याचं कदीच जमत न्हाई," म्हणाले, आणि अंगारा लावून मोकळे झाले.

सुरुवातीला खरंच येत. पहाटे अंधारात निघायचे, दिवेलागणीला धुळीनं माखून दारात उभे. जेवताना घास हातात धरून पेंगायचे. उर्दूचं पुस्तक उघडलं की त्यावरच मान पडायची. मुलगी जवळ गेली की "उद्या बोलू गं" म्हणायचे, आणि तो उद्या काही उजाडायचा नाही. मग दसरा झाला, कापसाच्या गाड्यांची रीघ लागली आणि ह्यांचं येणं थांबलं. आधी निरोप यायचा, पुढं निरोपही येईना.

देवीपुढं शब्द दिलेला, तेव्हा लेक येवो न येवो, त्याचं ताट वाढलंच पाहिजे असं सासूबाईंनी ठरवलं. पहिल्याच संध्याकाळी मी पाट मांडला, ताट वाढलं. सासूबाईंनी चाचपडत पाटावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"अगं, हे काय केलंस? मोकळ्या पाटापुढं ताट पितराचं असतं. माझा लेक जिता हाय."

खरंच होतं ते. पितृपंधरवड्यात आपण असंच वाढतो, मोकळ्या पाटापुढं. माझ्याही अंगावर काटा आला. सासूबाई म्हणाल्या, त्याचं अंगावरचं काहीतरी ठेव पाटावर, म्हणजे पाट मोकळा राहणार नाही. नाक्यावर ह्यांना सरकारी साफा बांधावा लागे, म्हणून लग्नातलं बांधीव पागोटं घरी खुंटीवरच असायचं. ते काढून मी पाटावर ठेवलं. ठेवताना त्याला म्हटलंसुद्धा, "या, बसा. उशीर केलात आज." मुलगी खुदकन हसली. थोडा वेळ थांबून, त्याचं जेवण झालं असं धरून, मी त्याच ताटात जेवले. नवऱ्याच्या ताटात बायकोनं जेवायचं, तशी रीतच होती तेव्हा.

चेष्टाच होती ती, पण रोज केलेल्या चेष्टेची हळूहळू सवय होते.

सासूबाईंना संध्याकाळच्या उजेडात पागोट्याचा आकार तेवढा दिसे. त्या त्याच्याशी बोलू लागल्या. आज गाड्या लई होत्या का रे, पाय दुखतेत का रे. प्रश्न विचारून थांबायच्या, मान हलवायच्या, आणि "असं व्हय" म्हणून पुढचा प्रश्न विचारायच्या. पहिल्यांदा मी पाठ फिरवून हसत होते. मग माझ्या ध्यानात आलं, की त्या थांबतात तो वेळ दर वेळी सारखा नसतो. कधी लगेच मान हलायची, कधी बराच वेळ त्या ऐकत बसायच्या, लांबलचक गोष्ट ऐकावी तशा.

मुलगी पाटाला टेकून जेवू लागली. वडलांना ती आबा म्हणायची. एकदा म्हणाली, "आई, आबा म्हणत्यात आमटीत मीठ न्हाई."

तिनं आमटीला अजून बोटही लावलं नव्हतं. मी चाखून बघितली. मिठावर जकात घेणाऱ्याच्या घरात आमटी पार अळणी होती.

त्यानंतर मी त्या पाटासमोरून जाताना पदर सावरू लागले. कधीपासून ते मला सांगता येणार नाही. मोठ्यानं बोलायची मला खोड, तीही संध्याकाळी आपोआप कमी झाली. एका दुपारी धूळ झटकायला म्हणून पागोटं खुंटीवरून काढलं, तर आतली कपाळपट्टी ओली लागली. भिंत कोरडी, वर आढं कोरडं, पाण्याची उतरंड पार दुसऱ्या कोपऱ्यात. पोरीनं खेळायला घेतलं असेल, असं कुणी म्हणेल. घेतलंही असेल. पण पोरीच्या घामाला ह्यांच्या तंबाखूचा वास येत नाही. मी ते होतं तसं परत लावलं आणि कुणाला काही बोलले नाही.

आणि आता खरं सांगते, मला तो पाटावरचा आवडायला लागला होता. तो कधी उशीर करत नव्हता. पेंगत नव्हता, वैतागत नव्हता, उद्या बोलू म्हणत नव्हता. दिवसभराचं सगळं मी त्याला सांगायची, आणि कुणीतरी ऐकतंय असं वाटून जीव हलका व्हायचा. नाक्यावरच्या माणसाची वाट बघायचं मी केव्हा सोडलं, ते मलाच कळलं नाही. घर भरल्यासारखं वाटत होतं. त्यात एक माणूस कमी आहे हे आम्ही तिघीही विसरत चाललो होतो.

अशातच एका संध्याकाळी हे आले. निरोप नाही, काही नाही. सासूबाई आणि पागोटं जेवायला बसले होते, मी भाकरी थापत होते. दारात मुलगी होती. तिचं बोलणं मला चुलीपाशी ऐकू आलं.

"तुमी ओसरीवर बसा. आमचे आबा जेवायलेत."

ह्यांचा हसण्याचा आवाज आला. "अगं येडे, मीच आबा की!"

"न्हाई. आबा आत हायेत."

सासूबाईंनी आतून विचारलं, "कोण आलंय गं?"

"म्हाईत न्हाई. साफा बांधलेला माणूस हाय. नाक्यावरचं कुनीतरी असंल."

"त्यान्ला पाणी दे. म्हणावं, माझा लेक जेवल्याबिगर उठायचा न्हाई."

मी परातीतला हात तसाच घेऊन उठले. हे उंबऱ्यात उभे होते. त्यांनी पाट बघितला, पागोटं बघितलं, पुढचं वाढलेलं ताट बघितलं, आणि तोंडावरचं हसू गेलं. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. पण त्या घटकेला, देवाशपथ, मला त्या उंबऱ्यातल्या माणसाचाच राग आला. असं जेवणाच्या मध्येच येतं का कुणी, असं वाटलं. मी त्यांना तांब्या दिला आणि ओसरीकडं बोट केलं. ते मुकाट जाऊन बसले.

थोड्या वेळानं मी बाहेर गेले, तर ते स्वतःचंच मनगट धरून बसले होते. मला म्हणाले, "खरं सांग. मी मेलो-बिलो तर न्हाई ना?"

"काय बोलताव!"

"येताना वाटंत मेंढरंवाल्याला राम राम घातला. त्यानं वळूनबी बघितलं न्हाई. दोन बाया आल्या समोरून, त्याबी तशाच गेल्या. आन् इथं माझं पान वाढलंय."

मला हसावं की रडावं कळेना. मी विचारलं, "भूक लागलीय का?"

"लई."

"मग जिते हाव. मेलेल्याला येवढी भूक लागत न्हाई."

मी दुसरं ताट वाढून बाहेर आणलं. ओसरीवर बसून, पाहुण्यासारखे, खाली मान घालून ते जेवले. आत सासूबाईंचं बोलणं चालूच होतं. ते ऐकत ऐकत ह्यांचे डोळे भरले. "उद्यापासून रोज येतो," म्हणू लागले. मी चटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. पिठाचा हात होता, मिशी पांढरी झाली.

"त्या 'रोज'नंच आत एक बसवून ठिवलाय," मी म्हटलं. "आता जे हातून हुईल तेवढंच बोला. थोडं बोला. पण ते करा."

ते बोटांवर दिवस मोजत बसले. मग म्हणाले, उर्दूची परीक्षा यंदा राहू दे. खोल्याही राहू देत. बाजाराच्या दिवशी नाक्यावर मान वर करायला सवड नसते, पण बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ओढ्यावर चिटपाखरू नसतं. त्या संध्याकाळची रुखसत, म्हणजे रजा, दारोगा साहेब देतील. एवढंच जमेल, बाकीचे दिवस नाही.

आठवड्यातली एक संध्याकाळ. देवीपुढं बोललेल्यातलं एवढंच उरलं होतं, पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला खरं वाटेल असं काही सांगितलं होतं.

साहेबांनी रुखसत दिली आणि हे येऊ लागले. न चुकता त्या एका दिवशी. मी म्हटलं, आता पागोटं उचलते. तर सासूबाई कडाडल्या, जेवत्या माणसाला पाटावरून उठवतं का कुणी? मुलगीही पाटाला घट्ट धरून बसली. ह्यांनीच मला खूण केली, की राहू दे. ते ओसरीवर जेवत, आतला पाटावर जेवे, आणि मी दोन ताटं वाढत असे. पान-तंबाखू झाली की ओसरीवर बसून मुलीला नगरच्या गाड्यांच्या, बैलांच्या गोष्टी सांगत. ती आधी दाराआडून ऐकायची. मग उंबऱ्यावर बसून ऐकू लागली.

एकदा सासूबाईंनी आतून नेहमीसारखं विचारलं, "कापसाच्या गाड्या सरल्या का रे?" आणि ह्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "सरत आल्या, आई."

आत सासूबाई जराशा वैतागून म्हणाल्या, "एकानं बोला. दोघं एकदम बोललात की मला कळत न्हाई."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. दिवा लागलेला होता, गल्लीत पोरं खेळत होती, समोरच्या घरी कुणीतरी खळखळून हसत होतं. आमच्याच घराला आता भ्यायचं की त्याची क्षमा मागायची, हे आम्हा दोघांना मात्र ठरवता येईना.

कापसाचा हंगाम संपायच्या आधीची गोष्ट. असाच बाजाराचा दुसरा दिवस होता. हे ओसरीवर हातपाय धुऊन बसले होते. मुलगी उंबऱ्यावरून उठून त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"तुमी उद्या बी हाव का?"

त्यांचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा माणूस हो म्हणणार. तो 'हो' त्यांनी गिळला.

"न्हाई. उद्या न्हाई, परवा बी न्हाई. बाजार झाला की दुसऱ्या दिवशी येतो."

"आतले आबा म्हणत्यात रोज हाय."

"मला रोज जमत न्हाई गं, बाळ. मला येवढंच जमतंय."

मुलीनं त्यांचं एक बोट धरलं आणि त्यांना आत आणलं. मी नुकतंच ताट वाढून मागं सरले होते. ती पाटापुढं उभी राहिली आणि शेजारपाजारच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली,

"आता तुमी उठा. यान्ला जेवायचंय."

दोन्ही हातांनी तिनं पागोटं उचललं आणि बाजूला कोनाड्यात ठेवलं. सासूबाई कडाडतील म्हणून मी त्यांच्याकडं बघितलं. त्या कडाडल्या नाहीत. त्यांचं तोंड सावकाश पाटाकडून दाराकडं वळत गेलं, चालत्या माणसामागं वळावं तसं. "सांभाळून जा रे बाबा," त्या म्हणाल्या. "ओढ्याला पाणी असंल."

मी दाराशी होते. माझ्या हातांनी आपोआप पदर पुढं ओढला आणि मी वाट द्यायला बाजूला झाले. कुणी दिसलं नाही. पण मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. इतके दिवस आमच्यापाशी बसलेल्याला निघताना कुणी पाणीही विचारलं नाही.

हे पाटावर बसले. बसल्या बसल्या दचकले आणि माझ्याकडं वर बघून हळूच म्हणाले, "पाट गरम हाय गं."

मुलगी त्यांच्या मांडीला टेकून बसली होती. तिनं ताट त्यांच्याकडं सरकवलं.

"जेवा की, आबा," ती म्हणाली. "भाकरी गार व्हायलीय."