खडकमाळचं आवतन

मोबाईलसमोर उभं राहायच्या आधी अंबादासनाना चपला काढायचे. भिंगारला आमच्या बँडचा तालमीचा गाळा होता. तिथे एका तीन पायांच्या स्टँडवर रोहित गाण्याचा व्हिडिओ काढायला मोबाईल अडकवायचा. नाना चपला कोपऱ्यात नीट जोडून ठेवायचे, कमरेचं संबळ सारखं करायचे आणि त्या मोबाईलला हात जोडायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरलं नाही. म्हटलं, "नाना, देव्हारा नाही तो, फोन आहे."

"देव न्हाई वो मास्तरीनबाई, मान्सं हायती. पल्याड बसल्याली. आपल्याला दिसत न्हाईत म्हनून काय चपला घालून त्यांच्यापुढं जायाचं?"

मी माझ्या चपला काढून त्यांच्या चपलांशेजारी ठेवल्या. मी इतक्या लवकर कुणाचं ऐकत नाही, हे माझ्या शाळेतलं कुणीही सांगेल.

मी नगरला शाळेत संगीत शिकवते. वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे, त्यामुळे बोटं लहानपणीच वळली. रोहित माझा जुना विद्यार्थी. तो गिटार वाजवतो, पण त्याहून जास्त वेळ त्याची बोटं मोबाईलवर असतात. चार पोरं जमवून त्यानं बँड काढला आणि मला कीबोर्डवर बसवलं. गाणारा आवाज मात्र मिळत नव्हता. मग तिसगावच्या एका लग्नात त्यानं नानांचा गोंधळ ऐकला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना गाळ्यातच घेऊन आला. नाना पंचेचाळिशी ओलांडलेले, शिडशिडीत, सदा धुतलेला पांढरा सदरा. आमच्या बँडचं नाव तेव्हा इंग्रजी होतं. ते त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. "पोरगं कुटं जातंय म्हनून कुनी इचारलं, तर आमच्या आयेला हे सांगता याया पायजे का न्हाई?" असं म्हणाले. तेव्हापासून आम्ही 'माळावरची मंडळी' झालो.

आमच्या आधीच्या बँडवाल्यांचं नाव व्हायचं ते मांडववाल्यांच्या ओळखीनं. चौकात फ्लेक्स लावा, डेकोरेशनच्या दुकानात कार्डं ठेवा, गणपतीच्या आधी मंडळांच्या अध्यक्षांना चहा पाजा. रोहितला यातलं काही करायचं नव्हतं. आता सगळं मोबाईलवर ठरतं, असं त्याचं म्हणणं. लोक अंगठ्यानं गाणी वर सरकवत असतात, पहिल्या दोन-तीन सेकंदांत अंगठा थांबला तर थांबला, नाहीतर तुम्ही गेलात. आणि नानांची तऱ्हा नेमकी उलटी. गोंधळ्याच्या घरात जन्म गेलेला माणूस. गोंधळात आधी गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलवायचं असतं, म्हणजे आवतन द्यायचं असतं, कथा त्याच्यानंतर. नाना एकेका डोंगरावरच्या आईला, एकेका खिंडीतल्या भैरोबाला हाक मारायचे आणि प्रत्येक हाकेनंतर थांबायचे. "येनाऱ्याला वाट चालाया लागती," म्हणायचे. त्यांचे देव वाट चालून येईपर्यंत अंगठेवाले लोक पार पुढच्या मुलखात गेलेले असायचे.

एकदा रोहितनं ते सगळं कापून नुसतं गाण्याचं धृपद टाकलं. नानांनी ते पाहिलं. ओरडले नाहीत, पण त्या दिवशी चहाचा कप तसाच ठेवला. जाताना म्हणाले, "आवतनाबिगर देव बी येत न्हाई रं, मान्सं कशी येत्याल?" रोहितचा चेहरा पडला. खरं तर दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि घोडं तिथंच पेंड खात होतं.

मार्ग निघाला तो तिसगावच्या बाजारामुळे. बाजार करून, भाजीची पिशवी घेऊनच नाना तालमीला आले. चपला काढल्या, मोबाईलला हात जोडले आणि पहिल्याच दमात म्हणाले, "तिसगावकर मंडळी, तुमच्या बाजारात आज मेथीची जुडी घेतली, तर म्हातारीनं वर कोथिंबीर फुकट घातली. तेवढ्यासाठी एक गानं घ्या." आणि गायले. देवांच्या आधी माणसांना आवतन दिलं, एवढाच फरक. रोहितनं ते जसंच्या तसं टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिसगावच्या झाडून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरत होतं. तिथून पुण्याला कंपन्यांत कामाला गेलेल्या पोरांकडे, तिथून त्यांच्या सासुरवाड्यांना. आपल्या गावाचं नाव कानावर पडलं की कुणाचाही अंगठा थांबतो. रोहितनं नानांना उचलूनच घेतलं. खाली लोक लिहायला लागले, "नाना, आमचं गाव कधी?"

मग ते काम नानांनी अंगावरच घेतलं. पण गावाबद्दल एक तरी खरी गोष्ट कळल्याशिवाय नाव घ्यायचे नाहीत. कुणाला तरी फोन लावायचे, नाहीतर स्वतः जाऊन पारावर बसून यायचे. राहुरीला म्हणाले, "राहुरीकर, धरन तुमच्या उशाला आन् घागर आमची रिकामी. ऱ्हाऊ द्या, भांडन न्हाई, गानं आयका." हिवरे बाजारला म्हणाले, "पानी अडवलंत, तसं आमचं गानं बी जरा अडवून धरा, लगीच वाहून जाऊ दिऊ नका." लोकांना टोमणा कळायचा आणि आवडायचा. आम्हाला कार्यक्रम मिळायला लागले ते असे. पुण्याच्या एका कार्यक्रमवाल्यानं फोनवर सल्ला दिला की एवढीएवढी खेडी कशाला घेता, नुसतं 'महाराष्ट्रा' म्हणा, सगळ्यांना चालेल. नाना म्हणाले, "सगळ्यांना म्हंजे कुनालाच न्हाई, सायेब."

लोकांनी खाली लिहिलेलं मी वाचून दाखवायचे, कारण नानांना मोबाईलवरची बारीक अक्षरं लागत नसत. प्रत्येकाला उत्तर गेलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मी वैतागायचे. शाळेचे पेपर तपासू की अनोळखी लोकांना 'जेवलात का' विचारत बसू? एकदा सुरतेकडे ट्रक चालवणाऱ्या कुणी लिहिलं होतं, गावाचं नाव ऐकलं आणि गाडी बाजूला घेऊन उभा राहिलो, भरून आलं. नानांनी ते मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "त्याला लिवा, गाडी सावकाश चालव, घरी वाट बघत्यात." मी लिहिलं. ते अजून तिथं आहे, आणि मी आता ते वाचू शकत नाही.

नानांचं स्वतःचं गाव खडकमाळ, तिसगावच्या पुढं, माळावर. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई, आक्का. नानांचा जुना मोबाईल आक्कांकडे असायचा, त्यावर त्या मुलाची सगळी आवतनं पाहायच्या. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा हुलग्याचे शेंगोळे पुढ्यात ठेवून त्यांनी माझ्याकडेच फिर्याद मांडली. "बाई, तुमी शिकलेल्या, तुमी तरी सांगा ह्याला. समदा मुलूख बोलवून झाला, माजं खडकमाळ तेवढं ऱ्हायलं. ह्याच्या तोंडून एकदा आपल्या गावाचं नाव आयकायचंय मला. मग डोळं मिटलं तरी चालतंय."

"आये, घरच्याला कुनी आवतन देतं व्हय?" नाना म्हणाले. आम्ही सगळे हसलो. आक्का नाही हसल्या. त्यांनी माझ्या ताटात अजून एक पळी वाढली.

पुढे जेव्हा जेव्हा गेले तेव्हा आक्कांची तीच फिर्याद आणि नानांचं तेच उत्तर. मी ते थट्टेवारीच धरून चालले होते. मग एकदा कार्यक्रमाहून टेम्पोतून येताना मी सहज विचारलं, तेव्हा नाना संबळावर हात ठेवून बाहेर बघत बोलले. "लग्न झालं की गावात मला गोंधळाला बोलवत्यात, पन अंगनात. बापाला बी अंगनातच बोलवायचे. देवीच्या यात्रेला स्टेज बांधत्यात, तितं दरसाल भायेरची पार्टी. 'अंबादास, वर ये' असं कुनी म्हनलं न्हाई. मी राग धरत न्हाई मास्तरीनबाई, पन आदी त्यांनी हाक मारू द्या. मग मी बी अशी हाक मारीन, समोर आये बसल्याली आसंल, मोबाईल लागायचाच न्हाई तिला."

आणि हाक आली. गावातल्या तरण्या पोरांनीच ग्रुपवर लावून धरलं होतं की जो माणूस अख्ख्या जिल्ह्याला बोलावतो तो आपल्या यात्रेत का नाही. माघाच्या अखेरीस यात्रा कमिटीची माणसं नारळ आणि पानसुपारी घेऊन नानांच्या दारात आली. माझा शाळेत तास चालू होता आणि नानांचा फोन वाजत राहिला. उचलला तर आधी तास मोडला का म्हणून विचारलं. मग म्हणाले, "बोलावलं." एवढंच. त्या आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

रोहित मागे लागला, खडकमाळचं आवतन आधीच टाकू, यात्रेची जाहिरात होईल, गर्दी लोटेल. आक्काही म्हणाल्या, बोल की रं आता, आता कशाला थांबायचं. नाना ऐकेनात. "हे आवतन समोरासमोर. आजवर थांबली तशी आजून चार दिस थांब, आये." तालमीतही ते म्हणायचे नाहीत. तिथपर्यंत आलं की नुसते हसायचे आणि गाणं सुरू करा म्हणून मला खूण करायचे.

यात्रेला महिनाभर राहिला असताना नाना गेले. तालमीहून मोटारसायकलवर घरी निघाले होते. दिवस बुडून कडूसं पडलेलं, आणि रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी, मागं ना दिवा ना लाल कापड. ट्रकवाल्याला सावकाश जा म्हणणारा माणूस. त्यांच्या जाण्यात मला काही अर्थ सापडलेला नाही आणि कुणी शोधून द्यायला आलं तर मला ऐकायचा नाही. गाळ्यात कोपऱ्यात त्यांची जादा चपलांची जोडी होती. ती उचलायची कुणाची हिंमत झाली नाही.

नानांच्या शेवटच्या गाण्याखाली लोक लिहीत होते. श्रद्धांजली वगैरे होतीच, पण मग कुणीतरी नुसतं 'तिसगाव' लिहिलं. त्याखाली दुसऱ्यानं 'राहुरी'. मग गावांची रीघच लागली, पुढं-मागं एक शब्द नाही, फक्त गावाचं नाव. ज्यांना ज्यांना नानांनी बोलावलं होतं ते येऊन हजेरी लावून जात होते. रोहित ते पाहत बसायचा आणि लहान मुलासारखा रडायचा.

यात्रा कमिटीनं निरोप धाडला की यंदा दुसरी पार्टी बघतो, तुमच्यावर जबरदस्ती नाही. आम्हालाही तेच बरं वाटत होतं. पण आक्कांनी कुणाकडून तरी मला फोन लावून घेतला. "घेतलेली सुपारी माघारी द्यायची न्हाई. त्याचं संबळ घिऊन या, आन् तुमी समदी या."

आम्ही गेलो. उन्हं उतरल्यावर कार्यक्रम सुरू झाला. संबळ स्टेजच्या मधोमध ठेवलं. आक्कांना कमिटीनं पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती. रोहितनं नानांची सगळी आवतनं एकापुढे एक जोडून आणली होती, ती आधी स्पीकरवर लावली. त्यातलं काहीही, थांबणंसुद्धा, त्यानं कापलं नव्हतं. तिसगाव झालं, पोरांनी शिट्ट्या मारल्या. राहुरीच्या घागरीला बायका हसल्या. हिवरे बाजार झालं, मग लहानमोठी कितीतरी गावं, आणि हळूहळू शिट्ट्या थांबल्या, कारण काय राहिलंय ते सगळ्यांच्या लक्षात यायला लागलं होतं. शेवटचं गाव झालं. स्पीकरमध्ये नुसती खरखर राहिली. नाना जिथं हसून मला खूण करायचे तीच ती जागा. स्टेजवर आम्ही मान खाली घालून उभे होतो, आणि खाली अख्खं खडकमाळ.

आक्का उठल्या. पायांतल्या चपला काढून खुर्चीखाली सारल्या आणि स्टेजपाशी आल्या. कुणीतरी माईक खाली धरला. गोंधळ्याच्या घरात साठ वर्षं काढलेल्या त्या बाईनं चारचौघांत कधी सूर लावला नव्हता. आवाज म्हातारा होता, पण चाल मुलाचीच होती.

"खडकमाळच्या अंबादासा, तुज्या गावानं तुला बोलावलंय रं. स्टेज बांधलंय, समदी मान्सं येऊन बसल्यात. ये माज्या राजा, पानसुपारी घे, गान्याला बस."

आणि त्या थांबल्या. येणाऱ्याला वाट चालायला लागते. तिसगावकडून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून त्या उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागं गाव उभं राहिलं होतं, एक पोर रडत नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग आक्का वळल्या आणि माझ्याकडे बघून हलक्या आवाजात म्हणाल्या, "वाजवा बाई तुमी. घरचाच हाय त्यो. त्याला कशाला लागतंय आवतन? आला आसंल."

मी वाजवायला सुरुवात केली. पट्ट्या दिसत नव्हत्या, बोटं अंदाजानं ठेवली.